छाती दाबू नये

आई,

आज दुकानात एक गृहस्थ आले आणि म्हणाले, तुमच्या आईच्या दारावर होती तसली एक पाटी आमच्या वडिलांसाठी करून द्या. तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पाटी तर दारावरून त्याच्याही आधी उतरली होती, आणि तरी चिक्कडपल्लीत ती अजून लोकांच्या तोंडात आहे. मी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की ती पाटी मी आता करत नाही. "का? ॲक्रिलिक मिळत नाही का आता?" असं त्यांनी विचारलं. ॲक्रिलिक हवं तेवढं मिळतं. डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं ते मी त्यांना नीट समजावलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला आणि हे लिहायला बसलो. अक्षर बघ, अजून ओळ सोडत नाही.

जामबागेतल्या मराठी शाळेत तू पिढ्यान्‌पिढ्या बाराखडी गिरवून घेतलीस आणि तुझा स्वतःचा मुलगा आठवीतून उठून आबिड्सला एका पेंटरच्या हाताखाली रंग ढवळायला बसला. त्याचं तुला शेवटपर्यंत वाईट वाटलं आणि ते तू लपवलंही नाहीस. पाहुण्यांना माझी ओळख तू 'आमचे पेंटरसाहेब' अशी करून द्यायचीस, त्यातल्या 'साहेब'वर जोर देऊन. पण मी कुणाच्या शिकवणीशिवाय चार लिप्या शिकलो. इंग्रजी बँकेच्या पाटीवरून, तेलुगू औषधाच्या दुकानावरून, उर्दू मागच्या गल्लीतल्या अत्तरवाल्याच्या दारावरून, आणि देवनागरी, आता नाही कशाला म्हणू, तुझ्या छडीवरून. शहरातल्या किती डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत! कुठल्या पदवीत टिंब कुठं पडतं हे मला पाठ आहे. त्यामुळं वैद्यकशास्त्रही आपल्याला साधारण कळतं, असा माझा समज होता. तो तुझ्या आजारपणात मोडला. कसा मोडला ते तुला अर्धंच माहीत आहे, उरलेलं अर्धं तू डोळे मिटल्यावरचं.

ती सकाळ मला अजून दिसते. तू स्वयंपाकघरात पाटावर बसून अंबाडी निवडतेयस. पोटातला आजार यकृतात उतरलाय, आता बरं करणारं औषध नाही, त्रास कमी करणारं आहे, असं डॉक्टरांनी सांगून दोन-तीन दिवस झालेत. मी दाराशी उभा आहे, मामा खुर्चीवर. मामा म्हणजे तुझा धाकटा भाऊ आणि माझा सासरा, दोन्ही एकाच देहात, त्यामुळं घरात त्यांचा शब्द दुप्पट वजनाचा. तू मान वर न करता बोललीस.

"हे बघ पेंटर. माझं हृदय थांबलं ना, तर थांबू द्यायचं. छातीवर बसून दाबादाबी नक्को. तोंडात नळी नक्को. त्या काचेच्या खोलीत नेणं तर नक्कोच नक्को."

"आई, असं काय बोलतेस?"

"बोलतेय कुठं? सांगतेय. तुझ्या बापाचे हात पलंगाला बांधले होते. नळ्या ओढतात म्हणून. मला बघून त्यांनी बोटं हलवली, तेवढीच मोकळी होती. मी काय केलं? काचेतून टाटा केला. जन्मभराचा संसार आणि शेवटी टाटा. दुसरं काय करणार होते मी?"

मामा खुर्चीतून पुढं झाले. "अक्का, तू गप बैस. दवाखान्यात माझी ओळख आहे. एका फोनवर कॉट मिळते."

"तुझ्या ओळखीनंच तर त्यांना ती कॉट मिळाली होती," तू म्हणालीस आणि अंबाडीचं एक किडकं पान त्यांच्या पायाशी टाकलंस.

मामा त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. पण गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा ते म्हणाले, "लोक काय म्हणतील रे? सख्खी बहीण घरात ठेवून मारली म्हणतील." त्यांचे डोळे भरले होते. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, भरणारच, मोतीबिंदू आहे.

घरी येऊन बघणाऱ्या त्या डॉक्टरीणबाई तुला पहिल्या दिवसापासून आवडल्या. त्या तेलुगू, तू मराठी, आणि बोलणं दोघींचं दखनीत. तुझं म्हणणं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये कुठं 'अम्मा, ऐसा नक्को बोलो' केलं नाही. मग त्यांनी कागद केला: या बाईंचा आजार शेवटच्या टप्प्यात आहे, हृदय किंवा श्वास बंद पडला तर छाती दाबून, नळ्या घालून तो पुन्हा सुरू करायचा नाही, त्रास होऊ नये म्हणून लागेल ते सगळं करायचं. तू सही केलीस. शाळेच्या हजेरीपटावर करायचीस तशीच, खाली रेघ मारून. दोन साक्षीदार हवे होते. एक शेजारची तेलुगू आँटी. दुसरा म्हणून तू मामांना बोलावून घेतलंस. मुद्दामच, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मामा वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले, न वाचता सही करणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी कागद वाचला, उजेडाला धरून पुन्हा वाचला, पाठीमागं काही आहे का ते बघितलं आणि सही करून खाली 'निवृत्त' असं लिहिलं.

"निवृत्त कशाला लिहिलंस?" तू विचारलंस.

"नियम आहे."

"साक्षीदारीतून निवृत्त झालास की काय असं वाटेल यमाला."

इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. पुढचं मी केलं. डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या की कागद हाताशी ठेवा, घाईगडबडीत कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली तर आधी तो दाखवा. मला ते पटेना. घाईत माणूस कागद वाचत नाही, पाटी वाचतो. माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. आणि बाईंचं अक्षर! त्या अक्षराला मी माझ्या दुकानात पाय ठेवू दिला नसता. मुंगी शाईत पडून औषधाच्या दुकानाकडं निघाली असावी, असं अक्षर. त्याच्यावर माझ्या आईचं मरण सोडायचं? मी दुकान दोन दिवस बंद ठेवलं. पांढरं ॲक्रिलिक, कडा घासून गुळगुळीत, निळी अक्षरं, मजकूर चारही लिप्यांत. मराठी असा होता: 'सूचना. या घरातील रुग्ण (वृद्ध स्त्री) हिचे हृदय बंद पडल्यास छाती दाबू नये. हुकुमावरून.' चारही कोपऱ्यांत पितळी स्क्रू. आणि ती मी दाराच्या बाहेर, आपल्या नावाच्या पाटीखाली लावली, जिन्यावरून चढणाऱ्याला पहिल्या वळणावरूनच वाचता यावी अशा उंचीवर.

तू काठी टेकत बाहेर आलीस, चष्मा लावलास आणि सगळी वाचलीस. तेलुगू आणि उर्दूसुद्धा वाचत असल्यासारखी नजर फिरवलीस. मला वाटलं, आता एकदा तरी शाबास म्हणशील.

"वृद्ध स्त्री? मास्तरीण लिहायला काय जड गेलं?"

"आई, जागेचा प्रश्न होता."

"आणि हुकूम कुणाचा?"

"तुझा."

"मग बरं आहे," म्हणालीस आणि आत गेलीस. एवढंच. पण दुपारी तू झोपायच्या आधी पुन्हा एकदा बाहेर जाऊन बघून आलीस, हे हिनं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जे झालं त्याला जबाबदार माझं अक्षर. पाटी इतकी रेखीव झाली होती की वाचणारे पहिल्या दोन ओळींतच गार व्हायचे. 'रुग्ण', 'हृदय बंद', आणि तेही जाड निळ्या अक्षरात नावाच्या पाटीखाली. जिवंत माणसाच्या दारावर असलं कुणी लावतं का? खालच्या मजल्यावरच्यांनी वाचलं, त्यांनी भाजीवाल्याला सांगितलं, भाजीवाल्यानं तुझ्या भजनी मंडळातल्या बायकांना. सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजते. मी आंघोळीला गेलेलो, ही गच्चीवर. दार तू उघडतेस. समोर भजनी मंडळ, पदर तोंडाला लावलेला, हातात डबे. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आपल्यात नेतात तसं पिठलं आणि भाकरी.

मी टॉवेलवर बाहेर आलो तेव्हा सगळ्या डबे छातीशी धरून तुझ्याकडं बघत होत्या. मग सगळ्यांत पुढच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, तुम्ही?"

"हौ, मीच. या ना. कुणाकडं निघालात?"

"तुमच्याकडंच."

"पिठलं घेऊन?"

आई, त्या बाईचा चेहरा मी कुठल्याही रंगात काढू शकणार नाही. तू त्यांना आत घेतलंस, बसवलंस, आणि वाटेत तुझ्याबद्दल काय काय बोलत आल्या ते एकेकीला सांगायला लावलंस. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मास्तरीणबाई कडक होत्या, पण मनानं चांगल्या. आवाज भसाडा होता, पण भजनाला वेळेवर यायच्या. "भसाडा कोण म्हणालं?" तू विचारलंस आणि खोली हसून हसून फुटली. पिठलंही तू सोडलं नाहीस. त्या दिवसांत दोन घासांवर तुझं अन्न जात नव्हतं, त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्लीस आणि म्हणालीस, "माझ्या मरणाचं पिठलं मला खायला मिळालं, अजून काय पाहिजे? हिंग तेवढा कमी पडलाय." संध्याकाळी मामा आले, पाटी बघितली, बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्यांनी पेचकस मागितला, स्क्रू काढले आणि पाटी माझ्या हातात दिली. मी ती तुझ्या पलंगाच्या वर, भिंतीवर लावली. इतक्या मेहनतीची चीज माळ्यावर टाकवत नव्हती.

मग सीताफळाचे दिवस आले. आता तुला हवं ते खाऊ द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. मी बिया काढून, चाळणीवर घासून, गर वाटीत घालून आणला. एकही बी राहिली नव्हती, मी चमच्यानं दोनदा तपासला होता. तू वाटीकडं बघितलंस. "हे कुणी आधी खाऊन ठेवलंय?" म्हणालीस. तुला अख्खं फळ हवं होतं, तोंडात बी घोळवायची होती आणि पुर्रकन वाटीत टाकायची होती. दिलं. तू पलंगावर टेकून खातेयस, मी समोर बसलोय, आणि खाता खाता तू मला सांगतेयस की माझ्या पाटीतल्या उर्दूवर अत्तरवाले मियाँ हसले असतील. मी म्हणालो, उलट त्यांनी तारीफ केली. तू त्यावर हसलीस, आणि बी घशात गेली.

तुझा चेहरा लाल झाला, मग काळवंडला. आवाज येईना. तुझ्या डोक्यावर माझ्याच हाताची पाटी, छाती दाबू नये, हुकुमावरून. आणि मी, ज्यानं त्या पाटीचं अक्षर न्‌ अक्षर तोलून लिहिलं, तो मी तुला विचारतो, "आई, काय करू? काही करू की नको?"

तू हातानं पाठ दाखवलीस. मला वाटलं, मागं सर म्हणतेस. मी मागं सरलो. आई, मी खरोखर दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकून उभा राहिलो, हुकूम पाळत. ही स्वयंपाकघरातून धावत आली, तुला पुढं वाकवलं आणि पाठीवर असे धपके घातले की जन्मभराच्या आत्यासासूपणाचा हिशेब मिटला असेल. बी उडाली आणि भिंतीवर टक्‌ करून आपटली.

तुला बोलता यायला थोडा वेळ लागला. पाणी प्यालीस. पहिलं वाक्य मला उद्देशून होतं.

"मला मारतोस का रे?"

"आई, तूच तर म्हणाली होतीस..."

"हृदय म्हणाले होते. सीताफळ म्हणाले होते का?"

"पण श्वास थांबला तर..."

"आजारानं थांबला तर! बीनं मरायचं असतं तर एवढे कागद कशाला केले असते? सरळ मरीन ना मी, नीट. असं आचरटासारखं नाही."

त्यानंतर तू राहिलेलं सीताफळ संपवलंस. मी मात्र खाली बसून नवा मजकूर जुळवायला घेतला, अपवादांसह. घशात काही अडकल्यास मदत करावी. पलंगावरून पडल्यास उचलावे. तुला त्यात इतकी मजा यायला लागली की तू पडल्या पडल्या भर घालत होतीस. पंखा अंगावर पडल्यास तो काढावा. शॉक लागल्यास मामाला बोलवावे, निवृत्त असला तरी. मामा गायला लागल्यास मात्र काही करू नये, जाऊ द्यावे. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तू त्यांना तो मजकूर वाचून दाखवायला लावलंस आणि त्या हसता हसता पलंगाच्या कडेवर बसल्या. मग मला म्हणाल्या, "भाईसाब, इत्ता नक्को लिखो. आजार त्यांना नेत असेल तेव्हा आडवं यायचं नाही, एवढंच. बाकी रोज जे करता ते सगळं करायचं." चार लिप्या येणाऱ्या माणसाला जे पाटीभर लिहून समजलं नव्हतं ते बाईंनी बसल्या बसल्या सांगितलं. नवी पाटी मी केली नाही.

शेवटी ती वेळ आली ती सकाळची. तुला इथवरचं आठवत असेल, पुढचं नाही. दोन दिवस तू ग्लानीत होतीस. एक श्वास घेतलास की पुढच्याची वाट बघत आम्ही तिघं आपापला धरून बसायचो. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जिभेखाली दुखण्यावरच्या औषधाचे थेंब द्या, ओठ ओले ठेवा, मी निघतेय, घाबरू नका, हे असंच असतं. मी घाबरलो नव्हतो, निदान तसं मी फोनवर म्हणालो. मामा गॅलरीत गेले. परत आले ते माझ्या नजरेला नजर देईनात. थोड्या वेळानं खाली भोंगा वाजला तेव्हा कळलं की त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावलीय.

पुढं एक तरुण तेलुगू पोरगी, खांद्यावर मोठी बॅग, मागं स्ट्रेचर घेऊन एक माणूस. मामा तिला हाताला धरून आत आणतायत. "मेरी बहन है. साँस नहीं ले रही. कुछ बी करो अम्मा, जल्दी करो." तिनं बॅगेची चेन उघडली. मी पलंग आणि तिच्यामध्ये जाऊन उभा राहिलो. पोट पाटीएवढं रुंद नाही, तरी जमेल तेवढा आडवा झालो.

"कुछ नक्को करो. बोर्ड पढो."

तिनं मान वर केली आणि पाटी वाचली. आधी तेलुगू, मग इंग्रजी. "बोर्ड बहुत अच्छा है सर. कौन लिखे?"

"मैंच लिखा."

"तेलुगू भी?"

"हौ. चारों."

आई, तू शेवटचे श्वास घेत होतीस आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग ती म्हणाली, "मगर ये नहीं चलता सर. दीवार पे तो कोई भी कुछ भी लिख देता. डॉक्टर का कागज है?"

म्हणजे बघ. ते ॲक्रिलिक, त्या घासलेल्या कडा, ते पितळी स्क्रू, सगळं दीवार पे कुछ भी. हिनं उशाखालून कागद काढून दिला, तोच, मुंगीच्या अक्षरातला, आणि त्या पोरीनं तो न अडखळता वाचला. सही, साक्षीदार, बाईंचा फोन नंबर. तिनं लगेच बाईंना फोन लावला, तेलुगूत बोलली, 'सरे मॅडम, सरे', म्हणजे बरं, बरं, असं म्हणाली आणि बॅगेची चेन लावली.

"का थांबली ही?" मामा मला विचारत होते. "पैसे मागतेय का? मी देतो."

"अंकल," ती मामांना म्हणाली, "कागज सही है. जबरदस्ती करेंगे तो अम्मा को दर्द होगा, वापस नहीं आएँगे." पण ती गेली नाही. तिनं तुझी उशी नीट केली, तुला कुशीवर वळवलं, तसा श्वासाचा घरघर आवाज कमी झाला. हिच्याकडून कापूस घेऊन तुझे ओठ पुसले. स्ट्रेचरवाल्याला खाली पाठवून दिलं. इतके दिवस मला वाटत होतं की काही न करणं म्हणजे हाताची घडी घालून उभं राहणं. तिच्या हाताला तर उसंत नव्हती.

मग एक श्वास आला आणि पुढचा आला नाही. आम्ही वाट बघितली. आला नाही.

आता जे लिहितोय ते तुला माहीत नाही. माझे हात तुझ्या छातीवर होते. मी ते नेले असं म्हणवत नाही, ते गेले. तुला उताणं केलेलं, तळव्यावर तळवा, कोपरं ताठ, टीव्हीत दाखवतात तसं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, तेही मी माझं मीच शिकलो होतो. जोर लावणार तेवढ्यात मनगटावर पकड बसली. ती पोरगीही पुढं आली होती, पण हात मामांचा होता. जन्मभर खांबावर चढून कमावलेली पकड, बोटं मांसात रुतली. ज्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली त्या मामांनी माझे दोन्ही हात उचलून बाजूला केले. रडत होते, नाक गळत होतं, आणि ओरडले ते सरकारी आवाजात.

"तिनं सही केलीय! साक्षीदाराच्या देखत करतोस?"

मी हात सोडून दिले. मामांनी ते तुझ्या पायांवर नेऊन ठेवले आणि वरून आपले ठेवले, मी पुन्हा उठू नये म्हणून की स्वतः उठू नये म्हणून, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. थोड्या वेळानं ते त्या पोरीला म्हणाले, "फोन मैंच किया था. गलती से."

"गलती से नहीं अंकल. घबराके. सब करते."

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बघितलं, लिहायचं ते लिहिलं. हिनं भजनी मंडळाला फोन केला तर पलीकडून काकूंनी आधी विचारलं, "या वेळी नक्की ना गं?" ही रडता रडता हसली, मी ऐकलं, मामांनीही ऐकलं आणि तेही हसले. घरात मयत आणि आम्ही तिघं तोंड दाबून हसतोय. तुझ्या पायाशी बसून. तुला आवडलं असतं.

म्हणून मी ती पाटी करत नाही. आलेल्याला सांगतो, डॉक्टरांकडून कागद घ्या, अक्षर कसंही असू दे, आणि साक्षीदार मात्र असा निवडा की ज्याला हे अजिबात पटलेलं नाही. पेंटरकडं हा सल्ला फुकट मिळतो म्हणून लोक येतातही. तुझ्या मुलाला आता गल्लीत मान आहे, साहेबवर जोर न देता.

मागच्या आठवड्यात ही म्हणाली, आत्यांसारखं आपलंही ठरवून ठेवू या, म्हणजे पोरांना त्रास नको. हिनं आपलं एका वाक्यात सांगून टाकलं: मला पण नक्को. मग माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, मला काय धाड भरलीय, मला काही झालं तर डॉक्टर दाबतीलच. ती म्हणाली, ते नाही हो, शेवटच्या आजारात, आत्यांसारख्या. मी म्हणालो, दुकान उघडायला उशीर होतोय.

आबिड्सचं पोस्ट इथून हाकेच्या अंतरावर आहे, तरी हे मी कुठं टाकणार नाही. मिटून खिशात ठेवीन, कारण पुढची ओळ हिच्या हाती लागायला नको. तुला म्हणून सांगतो. मला नक्को म्हणवत नाही, आई. शेवटच्या आजारातसुद्धा. मला वाटतं, मला दाबावं. बरगड्या मोडल्या तर मोडू देत, नळ्या घाला, हात बांधा, मामांच्या ओळखीची कॉट असली तरी चालेल. तू ज्या थंडपणानं अंबाडी निवडत बोललीस तो माझ्यात नाही. मला भीती वाटते. हिला मी एवढंच सांगितलंय की मजकूर अजून जुळत नाही.